वारंवार गर्भपात : पुन्हा दिवस राहण्याआधी बी-१२ आणि लोह तपासा

दोन गर्भपात झाले असतील, तर पुढच्या प्रयत्नाच्या निदान तीन महिने आधी रक्त तपासून घ्या: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीजची (रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढवणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी सोडू नका. ती पॉझिटिव्ह आली, तर १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. हा दोष आहाराने जात नाही, पण त्यावर उपचार आहेत.

शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते. पालेभाज्या-डाळींत ते नसतं; दूध, दही, अंडी, मासे यांत असतं. ते कमी पडलं की फोलेट (गोळीतलं फोलिक अॅसिड हे त्याचंच रूप) पेशींच्या कामी येत नाही आणि रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं. वाढलेल्या होमोसिस्टीनचा वारंवार गर्भपाताशी संबंध आढळला आहे. इथे एक चूक हमखास होते: बी-१२ न तपासता फोलिक अॅसिडचे मोठे डोस घेणं. हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२च्या कमतरतेमुळे होणारी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. ५ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास दूर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

सुरुवातीचे बरेच गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. म्हणून ‘तू नीट खाल्लं नाहीस’ असं तिला घरात कुणीही म्हणू नये.