पुण्यात शरद ऋतू कसा पाहावा आणि टिपून ठेवावा

झाडांच्या पानांकडे पाहून पुण्यात शरदाची चाहूल घेऊ गेल्यास बहुधा काहीच हाती लागत नाही. थंड देशांतील छायाचित्रांमुळे लाल-पिवळ्या पानांची अपेक्षा मनात घर करून बसलेली असते. आपल्याकडे मात्र आश्विनातही वड, पिंपळ, आंबा आणि चिंच भरगच्च हिरवे असतात आणि पानगळीची खरी लगबग थंडी सरताना सुरू होते. आपला शरद आधी गवतात, प्रकाशात, वासात आणि आकाशात उतरतो, म्हणून नजरही तिकडेच वळवावी लागते.

त्यासाठी सर्वप्रथम एकच वाट निवडावी आणि ती बदलू नये. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी किंवा पाषाण तलावाचा काठ यांपैकी घराजवळचे कोणतेही ठिकाण चालेल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरावीक वेळी आणि सूर्योदयानंतर लगेच, तेथे जावे. दर वेळी नवी जागा पाहिली तर जे वेगळे दिसते ते जागेमुळे की ऋतूमुळे, हे कळत नाही. सोबत एक वही असावी आणि तिच्यात तारीख, वेळ, आकाशाची स्थिती, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशी प्रथमच दिसलेली गोष्ट एवढे तरी नोंदवावे. नोंद जागेवरच करावी, कारण घरी पोहोचेपर्यंत बारकावे निसटतात.

सर्वाधिक वेळ गवताला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भाद्रपदात टेकडीचा उतार ओला, मऊ आणि फुलांनी भरलेला असतो: गौरींना लागणारा गुलाबी तेरडा, कवळ्याची लहान पिवळी फुले, पुढे कुर्डूचे पांढरट-गुलाबी तुरे. सिंहगडाकडे गेल्यास सप्टेंबरात सोनकीने पिवळे झालेले उतार भेटतात. त्यानंतर पाऊस ओसरू लागला की गवत फुलोऱ्यावर येते, बी धरते आणि वरच्या टोकाकडून तांबूस होऊ लागते. कुसळी गवत तर जवळ बसून पाहण्यासारखे आहे. त्याच्या बियांना लांब, पीळदार कुसळे असतात. हवेतील ओलाव्याप्रमाणे हा पीळ सुटतो आणि पुन्हा बसतो, त्यामुळे जमिनीवर पडलेली बी हळूहळू मातीत शिरते. पिकलेले एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर ते फिरताना दिसते. लहान मुलांना ऋतुबदल समजावण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. हीच कुसळे कपड्यांत अडकून टोचतात, म्हणून जाड, घट्ट विणीची पँट आणि बूट घालावेत. गवतात न पाहता पाय टाकू नये आणि दगड उलटू नयेत, कारण टेकड्यांवर फुरसे आणि घोणस हे विषारी साप आढळतात. फुले तोडू नयेत. बी धरू दिले तरच ती पुढच्या वर्षी उगवतील.

आकाशासाठी दोन वेध पुरेसे आहेत. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास समान असतात आणि सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. त्या संध्याकाळी गच्चीवरून एखादी इमारत किंवा टेकडीचे टोक खूण म्हणून धरावे आणि महिन्याभराने त्याच जागी उभे राहून पाहावे. हात लांब करून धरलेल्या मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, आणि सूर्य त्याहून थोडा अधिक दक्षिणेकडे सरकलेला दिसतो. दुसरा वेध अगस्त्याचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहाटे, उजाडण्याआधी, दक्षिण क्षितिजापासून सुमारे दोन मुठी उंचीवर हा ठळक तारा दिसतो आणि त्याच्या बराच वर व्याध तळपत असतो. पावसाने धुतलेल्या हवेत अशी पहाट लाभली, तर वेताळ टेकडीवरून उजाडताना सिंहगडही स्पष्ट दिसतो.

पाऊस मात्र एका दिवसात संपत नाही. पुण्यातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो, आणि त्याआधी दुपारी तापून संध्याकाळी विजांसह कोसळणारा परतीचा पाऊस येतो. हवामान खात्याची घोषणा पाहावीच, विशेषतः ज्या शहरातील वेधशाळेला १९२८ मध्ये सिमल्याहून हलवलेल्या कार्यालयामुळे लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात, त्या शहरात. तरी आपल्या वहीत वारा नैर्ऋत्येकडून येणे कधी थांबले आणि पहाटेचे दव प्रथम कधी दिसले, हे स्वतंत्रपणे लिहावे. ढग हटल्यावर दिवसा ऊन तापते आणि रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. ऑक्टोबरातील दुपारचा उकाडा आणि पहाटेचा गारवा, दोन्हींमागे हेच निरभ्र आकाश असते.

नोंदींना तिथीबरोबर इंग्रजी तारीखही अवश्य द्यावी. अधिक मासामुळे गणपती आणि दसरा वर्षागणिक मागे-पुढे होतात, झाडे मात्र सूर्याचे वेळापत्रक पाळतात. पावसाची नक्षत्रेही सूर्यावरूनच मोजली जातात, म्हणून हस्त नक्षत्र दरवर्षी २७ सप्टेंबरच्या आसपासच लागते. भोंडल्यात पाटावर हत्ती काढतात तो याच हस्ताचा, आणि शेतकऱ्यांनी हा हिशेब आपल्या फार आधी जपलेला आहे.

वासाची नोंद लोक सहसा करत नाहीत, आणि ती राहून जाणे मला फार खटकते. प्राजक्ताचा सडा सकाळी अंगणात पाहावा. सप्तपर्णीचा उग्र-गोड दरवळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळनंतर रस्त्यारस्त्यांवर येतो. तो प्रथम कोणत्या रस्त्यावर आला, हे लिहावे. बुचाची लांब देठाची पांढरी फुले त्याच सुमारास पडू लागतात.

पक्ष्यांत करडा धोबी सप्टेंबरातच ओढ्याकाठी शेपटी हलवताना दिसतो, भोरड्यांचे थवेही येऊ लागतात, बदकांसाठी मात्र थांबावे लागते. टेकडीवर डोक्याएवढ्या उंचीवर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर दिसले, तर त्यांचा अंदाजे आकडा लिहावा. यांपैकी एक जात समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाते, असे अभ्यासक मानतात. मंडईत पुरंदरची सीताफळे आणि शिंगाडे कधी आले, हीदेखील नोंदच आहे.

पहिल्या वर्षीची वही अपुरी वाटेल. दुसऱ्या वर्षी तिच्याशेजारी नवे पान उघडून तेरडा, दव, सप्तपर्णी आणि धोबी या चारच गोष्टींच्या तारखा समोरासमोर मांडाव्यात, आणि कोणती तारीख पुढे सरकली त्यासमोर त्या सप्टेंबरात पाऊस किती दिवस लांबला, हे लिहून ठेवावे.