फॉर्म बरोबर भरला तरी सबसिडी अडते, सातबाऱ्याच्या या चुका टाळा

आमच्या मामांचं वावर कुही तालुक्यात, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला लागून. अर्धं धरणात गेलं, अर्धं उरलं, आणि पाणी चढलं की उरलेलं पण तीन बाजूनं पाण्यात अन् चौथ्या बाजूला घोट्याएवढा गाळ, म्हणजे बेटच म्हणा ना. ठिबकसाठी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, फॉर्म भरला, निवड झाल्याचा मेसेज आला, घरात पेढे पण वाटून झाले आणि कागद तपासताना अर्ज परत. मामा म्हणे सातबारा माझ्या नावावर आहे ना बाप्पा, मग काऊन?

अडलं होतं सातबाऱ्यातच. जमीन संपादनात गेली की नुसतं मोबदला घेऊन काम संपत नाही. भूमी अभिलेखवाले मोजणी करून कमी-जास्त पत्रक काढतात, त्यावरून पटवारी फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, घेतो आणि मग सातबाऱ्यावर तुमचं क्षेत्र कमी होतं. मामांच्या केसमध्ये इतर हक्कात संपादनाची नोंद होती पण क्षेत्र जुनंच, 1.62 हेक्टर, आणि जागेवर उरलंय अर्धं. तपासणाऱ्याला कागदावर एक दिसतंय आणि नकाशात दुसरं, तो बिचारा तरी कशी सही करणार. त्यामुळे धरण, कालवा, हायवे, समृद्धी, कशातही तुकडा गेला असेल तर आधी कमी-जास्त पत्रक झालं का ते भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात विचारा, त्याची नक्कल घ्या आणि ती लावून पटवाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. हे काम महिने खातं, म्हणून फॉर्मच्या आधी करायचं.

दुसरी चूक अगदी फालतू वाटते पण लई लोकं करतात, एकर आणि हेक्टर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, 0.81 म्हणजे दोन एकर. सेतूवाल्या पोराला तुम्ही सांगता दोन, तो टाकतो 2.00, झाले पाच एकर. ठिबकला दोन हेक्टरपर्यंतच्या कास्तकाराला राज्याची टॉप-अप धरून 80 टक्के अनुदान आहे आणि त्यावरच्याला 75 टक्के, म्हणजे चुकीचा आकडा सरळ खिशाला लागतो. आणि दोन हेक्टर मोजताना एकच सातबारा पाहू नका, आठ-अ काढा, त्या गावातल्या तुमच्या खात्यातले सगळे गट त्यात दिसतात.

विहिरीचं तर विचारूच नका. अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकारांसाठी ज्या विहिरीच्या योजना आहेत, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती, त्यात नव्या विहिरीसाठी कमीत कमी 0.40 हेक्टर जमीन लागते आणि आधीची विहीर नको. आता आजोबांच्या काळातली विहीर खचून बुजली, वर बोरीचं झाड उगवलं, पण सातबाऱ्यावर ती अजून जिवंत! अर्ज गेलाच समजा. पंचनामा करून ती नोंद काढायला लावा, नाहीतर जुनी विहीर दुरुस्तीत अर्ज करा, तो पण घटक त्याच योजनेत आहे. ठिबकवाल्यांचं याच्या उलट, वावरात विहीर आहे, मोटर चालू आहे, पण कागदावर पाण्याचं साधनच नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, करताना पिकासोबत विहीरही नोंदवा.

पीएम किसानमध्ये लोकं फसतात ते तारखेवर. 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन नावावर होती का, हा मूळ प्रश्न. 2021 मध्ये विकत घेतली असेल तर त्या तारखेच्या हिशोबाने नाही बसत, फक्त वारसाने आलेली चालते. म्हणून वडील गेल्यावर वारस नोंद लगेच टाका, भावाभावात वाटणी व्हायची वाट पाहत बसू नका (आमच्याकडे नऊ वर्षं बसले, अजून चहावर चर्चा चालू आहे). आयकर भरणारा असला तर बाद, आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी कुटुंब एकच धरतात.

गाळपेर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पाणी उतरलं की उघडी पडलेली जमीन हंगामापुरती मिळते, पीक भारी येतं, पण ती पावती म्हणजे सातबारा नाही. त्यावर पीएम किसान मिळत नाही. पीक विमा भाडेपट्ट्याने करणाऱ्यालाही काढता येतो पण करार नोंदणी केलेला लागतो, शंभरच्या स्टॅम्पवर दोन साक्षीदार घेऊन चालत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. 15 एप्रिल 2025 पासून शेतीच्या योजनांना फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, लागतोच, आणि तो काढताना सगळे गट जोडले का ते स्वतः स्क्रीनवर पाहा, एखादा राहतोच. जमीन सामायिक खात्यात असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लावा. पैसे आधारशी जोडलेल्या (सीडिंग असलेल्या) बँक खात्यात जातात, तुम्ही फॉर्ममध्ये पासबुक कोणतं लावलं त्याला अर्थ नाही, त्यामुळे "पैसे आलेच नाही" म्हणणाऱ्यांनी ते जुनं झीरो बॅलन्सवालं खातं एकदा उघडून पाहा. आणि पूर्वसंमती यायच्या आधी दुकानदार कितीही म्हणू दे "घेऊन जा, बिल नंतर करू", घेऊ नका, आधीच्या तारखेचं बिल म्हणजे अनुदान बुडालं.

मामांचा सातबारा शेवटी दुरुस्त झाला, 0.81 लागलं, दुसऱ्यांदा अर्ज केला आणि पूर्वसंमती पण आली. आता नवीनच लफडं, संच बसवल्यावर साहेब वावरात उभं राहून लोकेशनसकट फोटो काढणार आणि ऑक्टोबरात तिथं जायला डोंग्याशिवाय रस्ता नाही. मामांनी डोंगेवाल्याला सांगून ठेवलंय, साहेबांना पोहता येतं का तेवढं अजून विचारलं नाही.