मधमाशी चावली? आधी काटा, मग उपाय

मधपेट्या सांभाळताना दर मोसमात मला पाच-सहा डंख बसतातच. म्हणूनच माशी चावल्याबरोबर लोक सोडा आणायला स्वयंपाकघरात धावतात, ते पाहून जीव कासावीस होतो. आधी त्या जागेपासून लांब जा. डंख मारताना मधमाशी पिकलेल्या केळ्यासारखा वास सोडते आणि त्या वासावर बाकीच्या माश्या चालून येतात.

आणि लगेच काटा काढा. सगळी गोम इथेच आहे. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, त्यामुळे तो कातडीत रुतून बसतो आणि माशी उडताना विषाची पिशवीही तुटून त्याच्याबरोबरच राहते. एकदा मनगटावर मी ती भिंगातून पाहिली. माशी केव्हाच गेली होती, पण ती इवलीशी पांढुरकी पिशवी एकटीच आकसत होती, फुगत होती, विष आत ढकलत होती. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच आत जातं.

'चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाईल. कार्डाने खरवडा' हा सल्ला मीही बरीच वर्षं पाळला. मग एकदा डोळ्याखाली डंख बसला. हातमोजे काढून घरात कार्ड शोधेपर्यंत दोन मिनिटं गेली आणि डोळा तीन दिवस धड उघडला नाही. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काटा दोन्ही रीतींनी काढून पाहिला होता. सुजेत फरक पडला तो उशिरामुळे, रीतीमुळे नाही. तेव्हा नखाने खरवडा नाहीतर चिमटीने ओढा, पण त्याच क्षणी. गांधीलमाशी सहसा काटा मागे सोडत नाही. तिथे कातडी उकरत बसू नका.

नंतर जागा साबण-पाण्याने धुवा. डंख हाताला असेल तर अंगठी, बांगड्या लगेच उतरवा.

खरा आराम थंडाव्याने पडतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं ठेवा, थोडं थांबून पुन्हा ठेवा. व्हिनेगर, कांदा, टूथपेस्ट यांच्या नादी लागू नका: विष कातडीच्या आत असतं, वरचा लेप तिथवर पोचत नाही. सोड्याचा ओला लेप गार लागतो, तेवढ्यापुरता ठीक. खाज सोसवेना तर सेटिरिझिनसारखी गोळी चालते. सूज दुसऱ्या दिवशी वाढते, त्याला घाबरू नका.

घाबरायचं ते वेगळ्या खुणांना. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, दम लागला, उलटी किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. तोंडात-घशात डंख असेल किंवा एकदम बऱ्याच माश्या चावल्या असतील तरीही तसंच. वरच्या खुणा म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जी, तिथे लागतं ते अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन. रुग्णवाहिका बोलवा, माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा आणि दम लागत असेल तर टेकून बसवा. उभं करून चालवत नेऊ नका.