आफ्रिकन ग्रेची जोडी कशी जमवावी

माझे दोन आफ्रिकन ग्रे पोपट एकमेकांना भरवायचे, माना खाजवून द्यायचे. आता अंडी देतील, मग देतील, अशी दोन वर्षं वाट पाहिली. शेवटी पिसं तपासायला पाठवली, तर दोघेही नर!

म्हणून पहिलं काम डीएनए चाचणी. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच असतात. ‘डोकं मोठं म्हणजे नर’ हे विकणाऱ्याचं ज्योतिष. छातीवरची तीन-चार पिसं मुळासकट काढून लॅबला पाठवायची. गळून पडलेल्या पिसांवर भरवसा ठेवू नये.

त्याचबरोबर कागदपत्रंही करून घ्यावीत. जंगलात बेसुमार पकड झाल्यामुळे २०१७ पासून हा पक्षी ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असे पक्षी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावे लागतात. पिल्लं काढायची असतील तर परवाना वेगळा, त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा. आणि आपला देशी पोपट, म्हणजे राघू, पाळणंच बेकायदा आहे. त्याची जोडी लावायचा विचारही नको.

नवा पक्षी आणला की किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. तेवढ्यात पीबीएफडी, म्हणजे चोच-पिसांच्या विषाणूची, आणि सिटाकोसिस या पोपटांच्या जिवाणूजन्य तापाची तपासणी उरकून घ्या. सिटाकोसिस माणसालाही होतो, त्यामुळे इथे काटकसर महागात पडते.

आता जोडीचं बघू. दोघंही चार-पाच वर्षांचे असावेत. पिंजरे शेजारी-शेजारी, पण चोच पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवा. काही आठवड्यांत दोघं आपापल्या पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, एकमेकांजवळच्या दांडीवर झोपू लागले, तर स्थळ पसंत आहे असं समजा. मग दोघांना एकाच दिवशी तिसऱ्या, नव्या पिंजऱ्यात सोडा. एकाच्या घरात दुसऱ्याला सोडलं की घरमालक भाडेकरूला फाडतो. पहिला दिवस समोर बसून काढा. एक जण सतत कोपऱ्यात दबून बसत असेल, डोक्यावरची पिसं उपटलेली किंवा बोटांना जखम दिसली, तर लगेच वेगळं करा. पत्रिका जुळली नाही, एवढंच. हातावर वाढलेला, माणसालाच जोडीदार मानणारा पक्षी तर वर्षभर समोरच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अशा वेळी आपण खांद्यावर घेणं, डोकं खाजवणं कमी करायचं. त्रास आपल्यालाच जास्त होतो.

पिंजरा निदान चार फूट लांब हवा. अंडी घालायचा खोका साधारण १२ बाय १२ इंचांचा, दोन फूट उंच. बिनपॉलिशच्या जाड लाकडाचा, आत चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेला, बाहेरून उघडणारी खिडकी असलेला. तळाला दोन-तीन इंच लाकडाचा भुसा घाला. मादी आधी आत जाऊन निम्मा भुसा बाहेर फेकेल. फेकू द्या, ती घर मांडतेय.

खाण्यात ग्रेची दुखरी नस म्हणजे कॅल्शियम. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या मादीचं अंडं अडकतं, कधी तिला झटके येतात. मोड आलेले मूग-हरभरे, शेवग्याचा पाला, गाजर, कवचासकट उकडलेलं अंडं, टांगलेला समुद्रफेस आणि रोज सकाळचं कोवळं ऊन (काचेआडून आलेलं चालत नाही) एवढं हवंच. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट विष आहे.

अंडी साधारण तीन-चार, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. उबवण सुमारे २८ दिवसांची. आठवड्याने, मादी खायला बाहेर आली की, अंडं टॉर्चसमोर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. पहिला घाणा बहुधा फोल जातो. फोल अंडीही मुदत संपेपर्यंत तशीच राहू द्या. लगेच उचलली तर मादी पुन्हा अंडी घालून स्वतःला झिजवते. एवढी टॉर्चची तपासणी सोडली तर या काळात खोक्याशी खुडबुड नको. घाबरलेली मादी स्वतःचीच अंडी फोडते, म्हणून दिवाळीचे फटाके लक्षात ठेवून खोका लावा.

पिल्लं आई-बापांनी वाढवावीत, असं माझं मत. त्यांनी भरवणं सोडलं तरच हातात घ्या. रोज सकाळी भरवण्याआधी किचनच्या काट्यावर वजन करून वहीत मांडा. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांना भरवायचं पातळ खाणं, ३९ ते ४१ अंश सेल्सिअसचा हवा आणि थर्मामीटर लावूनच. मनगटावर थेंब टाकून अंदाज नको. जास्त गरम झाला तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, गार असला तर अन्न तिथेच आंबतं. स्वतः खाऊ न लागलेलं पिल्लू कुणी कितीही पैसे देवो, देऊ नका.

वर्षाला दोन घाणे पुरे. मग खोका काढून ठेवायचा. आमची मादी दोन दिवस त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसते. तिसऱ्या दिवशी कोवळं कणीस टांगलं की नराला ढकलून आधी तीच तुटून पडते.