हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये पायी कसं फिरायचं

बरेच जण हालाँग बे या खाडीतल्या क्रूझआधी एक रात्र काढायची म्हणून व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये बसून निघून जातात, कशाला ते कळत नाही, कारण या शहराची, त्यातही ओल्ड क्वार्टर या जुन्या भागाची, सगळी मजा फूटपाथवरच आहे. फक्त तिथे वावरायची पद्धत जरा समजून घ्यावी लागते.

आधी रस्ता ओलांडणं. आपल्याला वाटतं पुण्यात गाडी चालवलीये, अजून काय बघायचं राहिलंय, पण आपली सवय म्हणजे हात दाखवून पळायचं, मध्येच थांबायचं, परत मागे यायचं, आणि हनोईत नेमकं हेच करायचं नाही. समोरून स्कूटरचा लोंढा येतो, तो थांबणार नाही, पण प्रत्येक जण तुमच्या चालीचा अंदाज घेऊन आधीच बाजूला वळायला लागलेला असतो, त्यामुळे संथ, एका वेगात चालत राहायचं, बस्स. बस किंवा मोठी गाडी आली तर मात्र मुकाट थांबायचं, तिला असं वळता येत नाही. रस्ता वन-वे असला तरी दोन्हीकडे बघा. फूटपाथवर चालू म्हणाल तर तिथे स्कूटर पार्क केलेल्या, मधल्या जागेत कोणीतरी भाजी निवडतंय नाहीतर शेगडी पेटवून बसलंय, म्हणजे चालायचं रस्त्याच्या कडेनेच.

सकाळी पाच-साडेपाचला होआन किएम तलावावर जा, झोप मोडली तरी चालेल. आजीआजोबा स्पीकर लावून एरोबिक्स करत असतात, बॅडमिंटन चालू असतं. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, लहान मुलं बरोबर असतील तर तेव्हाच जा.

मग गल्ल्या. इथे बऱ्याच गल्ल्यांची नावं जुन्या धंद्यांवरून आहेत: हांग बाक चांदीची, हांग गाई आता रेशमासाठी ओळखली जाते, हांग मामध्ये कागदी कंदील आणि पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात. मॅप बंद करून भटकलात तरी चालतं, हरवलात तर कोणालाही तलाव विचारा.

खाण्याचं सोपं आहे, जिथे ते बुटके प्लॅस्टिकचे स्टूल लोकांनी भरलेत तिथे बसायचं. बहुतेक ठिकाणी एकच पदार्थ मिळतो, मेन्यू नसला तरी बोट दाखवून काम होतं, मात्र भाव आधीच विचारा. फो (नूडल्सचं सूप) सकाळी, बुन चा दुपारी. बुन चा म्हणजे कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा. शाकाहारी लोकांनी 'आन चाय' एवढे दोन शब्द पाठ करा, नुसतं नो मीट सांगून भागत नाही कारण माशाचा सॉस कशातही असतो. अमावस्या-पौर्णिमेला तिथले बौद्ध लोक मांसाहार टाळतात, त्या दिवशी शाकाहारी जेवण जास्त ठिकाणी मिळतं. अंड्याची कॉफी मात्र प्याच (अंडं खात असाल तर), 1940च्या दशकात दूध मिळेना म्हणून बलक फेटून घालायला सुरुवात झाली म्हणतात, लागते एखाद्या गरम कस्टर्डसारखी.

संध्याकाळी ता हिएन गल्लीच्या कोपऱ्यावर बिया होई, म्हणजे रोजच्या रोज बनणारी हलकी स्वस्त बिअर. स्टूल मांडून फूटपाथ अडवलेला असतो, म्हणून पोलिसांची गाडी आली की मालक ते पटापट उचलतात, घाबरू नका, ग्लास हातात घेऊन उभे राहा, पाच मिनिटांत परत बसायला मिळतं.

पैशाचं जपा. 20 हजार आणि 500 हजार डोंगच्या दोन्ही नोटा निळसर, दोन्हीवर हो ची मिन्ह, त्यामुळे मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यातच ठेवा. खांद्यावर कावड घेतलेल्या फळवाल्या बाईने हसत हसत ती कावड तुमच्या खांद्यावर ठेवली की फोटोचे पैसे किंवा महाग केळी गळ्यात पडणार हे नक्की, हात जोडून पुढे निघा. आणि पाय दुखले की ग्रॅबची (आपल्या ओला-उबरसारखं ॲप) बाईक बोलवा, ॲपवर भाडं आधी दिसतं, हेल्मेट ड्रायव्हरच देतो.