फ्रेंच स्टिरिओ कार्डं जमवायची तं आधी उजेडाला धरून पाहा

स्टिरिओ कार्ड म्हणजे पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी जवळपास सारखे दोन फोटो, दोन भिंगांच्या यंत्रातून पाह्यले की खोली असल्यासारखं दिसते. असं जुनं फ्रेंच कार्ड हाती लागलं की पहिले त्याच्या मागून उजेड येऊ द्या, बाकी सगळं नंतर. माझं पहिलं कार्ड आर्वीच्या बाजारात एका भंगारवाल्याकडं मिळालं, कोण्या जुन्या वाड्याच्या रद्दीतलं. मळकट करडा फोटो, शेजारी तोच फोटो पुन्हा, त्यात सांगाडे मेजवानीला बसलेले. किती वेळ उलटंपालटं करून पाह्यलं, काही समजे ना, मग सहज दाराकडं धरलं अन् कवट्यांचे डोळे एकदम लालभडक पेटले!

ह्याला टिश्यू कार्ड म्हणतात, फ्रेंच लोकायची खरी कमाल हीच. पातळ अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर, फोटो छापायचा, त्याला मागून रंग द्यायचा, दिवे-दागिने असतील तिथं सुईनं बारीक भोकं पाडायची, पाठीमागं अजून एक झिरझिरीत कागद लावायचा अन् हे सगळं दोन खिडक्या कापलेल्या पुठ्ठ्यात बसवायचं. समोरून उजेड पडला तं साधा काळापांढरा फोटो, मागून आला की रंग दिसतात, दिवसाची रात्र होते. ते सांगाडेवाले कार्डं म्हणजे ‘दियाब्लरी’, 1860 पासून पॅरिसमध्ये निघाले. मातीचे छोटे छोटे पुतळे करून नरकाचे देखावे मांडायचे अन् त्यांचे फोटो काढायचे, त्यात तेव्हाचा फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या राजवटीला चिमटे पण असायचे.

आता कार्ड कोणाचं ते कसं ओळखायचं? पूर्ण नाव कमीच सापडते, फोटोच्या कोपऱ्यात नाहीतर पुठ्ठ्यावर आद्याक्षरं शोधा. बी.के. म्हणजे आडॉल्फ ब्लॉक, दियाब्लरीचा मोठा प्रकाशक. जी.ए.एफ. म्हणजे फ्लोराँ ग्रो, ई.एल. म्हणजे एर्नेस्त लामी. जे.ए. दिसलं तं जाँ आँद्रिए, त्याचे 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया लढाईनंतरचे पडक्या पॅरिसचे कार्डं पाहून मन सुन्न होते. इपोलित जुव्हँचे पॅरिसचे पूल अन् रस्ते भेटले तं सोडू नका, 1860 च्या दशकात चालती माणसं अन् बग्ग्या न हलता पकडल्यात त्यानं.

आपल्या कापूसवाल्यांना जवळचा वाटेल तो आडॉल्फ ब्राउन. हा आधी फ्रान्समधल्या म्युलूझ गावातला कापडाच्या छापांचा डिझायनर, फुलांचे नमुने पाहिजेत म्हणून 1850 च्या दशकात त्यानं फुलांचे फोटो काढले, पुढं शेजारच्या दोर्नाखमधून स्वित्झर्लंडच्या डोंगरांचे स्टिरिओ काढू काढू विकले. मी त्याचेच कार्डं जास्त जमवतो.

काचेवरचे पण असतात, फेरिए अन् सूलिए ह्या फोटोवाल्यांचे. 1864 मध्ये तो धंदा लेऑन अन् लेव्ही ह्यांच्याकडं गेला. फोटोतला तपशील एवढा बारीक की भिंगातून दुकानाची पाटी वाचता येते, पण पोस्टात फुटतात म्हणून नवीन माणसानं सुरुवातीला घेऊ नये. जूल रिशारच्या 1893 च्या व्हेरास्कोप कॅमेऱ्याच्या 45 गुणिले 107 मिलिमीटरच्या काचा स्वस्तात डब्बे भरून भेटतात, मात्र त्या पाहायचं यंत्र वेगळं लागते.

खरेदी बहुतेक ऑनलाइनच. विकणाऱ्याला तीन फोटो मागा: समोरून, पाठीमागून अन् खिडकीला धरून. तिसरा देत नसेल तं टिश्यू कार्ड घेऊच नका, काऊन की फाटलेला कागद अन् उडालेला रंग समोरून दिसतच नाही. घरी आल्यावर घड्याळवाल्याचं दहापट भिंग लावा. छपाईचे ठिपके दिसले तं ते प्रिंटरवरचं नाहीतर छापखान्यातलं आहे, खऱ्या अल्ब्युमेनमध्ये ठिपके नसतात, कागदाचे तंतू दिसतात.

ठेवायचं मात्र जपून. आपल्याकडं मे महिन्यात टिनाखाली भट्टी होते. मी तीन कार्डं टिनाच्या खोलीत पेटीत ठेवले होते, ते धनुष्यासारखे वाकले, अन् सरळ करायला दाबलं तं एक मधोमध तडकलं, अजून जीव हळहळतो. वाकलेलं कार्ड तसंच राहू द्या. मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, पॉलिएस्टरच्या पाकिटात, उभे ठेवा. पीव्हीसीचं पाकीट नको. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका अन् महिन्यातून एकदा कसर लागली का ते पाहा. कडुनिंबाचा पाला धान्यात ठीक आहे, कार्डावर डाग पडतात.

फाटलेल्या टिश्यूला चिकटपट्टी लावू नका. पाहताना दिवा नाहीतर बल्ब जवळ नेऊ नका. सकाळी उत्तरेच्या खिडकीतला उजेड सगळ्यात चांगला, रात्री लाइन गेली तं मोबाइलचा पांढरा स्क्रीन मागं थोडा दूर धरा, तेवढ्यात डोळे पेटतात.