एक्स्टर्नल ड्राइव्हवर फोटो ठेवताय? या चुका टाळा

लॅपटॉपची एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) झिजू नये म्हणून फोटो बाहेर हलवा, असं सर्रास सांगितलं जातं. पहिली चूक या हिशेबातच आहे. एसएसडी झिजते ती लिहिण्याने. नुसते पडून असलेले किंवा उघडून पाहिलेले फोटो तिला जवळजवळ झिजवत नाहीत. 1 टीबीच्या बऱ्याच एसएसडींची वॉरंटी 600 टीबी लिखाणापर्यंत असते. दर आठवड्याला 50 जीबी, म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या जवळपास 1,800 रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइल्स कॉपी केल्या तरी वर्षाचे 2.6 टीबी होतात. करा भागाकार! शंका असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘टोटल होस्ट राइट्स’, म्हणजे आजवरच्या एकूण लिखाणाचा आकडा बघा.

फोटो हलवायचं खरं कारण जागा. एसएसडी काठोकाठ भरली की तिला एक फाइल लिहिण्यासाठी आतला बराच डेटा इकडून तिकडे हलवावा लागतो; वेग पडतो आणि लिखाणही वाढतं. 15-20 टक्के जागा मोकळी ठेवा. झीज कमी करायचीच असेल तर रॅम वाढवा, म्हणजे स्वॅपचं (रॅम अपुरी पडल्यावर एसएसडीवर होणारं) लिखाण घटेल, आणि लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंचे 1:1, म्हणजे पूर्ण आकाराचे, प्रिव्ह्यू बनवणं थांबवा.

फोटोंसोबत कॅटलॉगही हलवणं

ही चूक सगळ्यात जास्त छळते. लाइटरूम क्लासिक कॅटलॉग (फोटोंच्या आणि त्यांतल्या बदलांच्या नोंदी ठेवणारी फाइल) आणि प्रिव्ह्यूमधून सतत बारीक बारीक वाचन करतं. फिरत्या हार्ड डिस्कचं वाचणारं हेड त्यासाठी सारखं पुढेमागे धावतं आणि साधं स्क्रोलही अडखळतं. कॅटलॉग आतल्या एसएसडीवर, मूळ फोटो बाहेर, हीच मांडणी ठेवा. फोटोंची दुसरी प्रत आधीच असेल तर फोल्डर लाइटरूमच्या फोल्डर पॅनेलमधून ओढून हलवा. विंडोजमधून हलवलात की लाइटरूमला ते सापडत नाही आणि फोल्डरवर प्रश्नचिन्हं दिसू लागतात.

न हलवताही प्रश्नचिन्ह आलं, तर बहुतेक वेळा ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं. काल ‘ई’ होतं, आज पेनड्राइव्ह आधी लागल्यामुळे ‘एफ’ झालं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘पी’सारखं वर्णमालेत बरंच पुढचं अक्षर कायमचं द्या. मग लाइटरूममध्ये त्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’, आणि नवी जागा दाखवा.

कट-पेस्ट

मध्येच केबल हलली की निम्मे फोटो इकडे, निम्मे तिकडे, आणि एखादी फाइल अर्धवट. कॉपी करा, टेराकॉपी या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘व्हेरिफाय’ (प्रत तपासणं) चालू ठेवा, दुसऱ्या ड्राइव्हवर आणखी एक प्रत घ्या आणि मगच लॅपटॉपवरचे फोटो पुसा. मग लाइटरूमला वर सांगितल्याप्रमाणे नवी जागा दाखवा. एकाच ड्राइव्हवर एकच प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, मग ती ड्राइव्ह कितीही महाग असो.

ड्राइव्हच्या फॉरमॅटचं थोडक्यात: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, पण त्यात जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणारी सोय) नसल्यामुळे ‘इजेक्ट’ न करता ओढून काढलेली ड्राइव्ह बिघडण्याचा धोका जास्त.

केबल आणि वीज

फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल बहुधा यूएसबी 2.0 असते. तिच्यावर सेकंदाला 35-40 एमबीच जातात, म्हणजे 200 जीबीला दीड तास. तीच हार्ड डिस्क स्वतःच्या केबलवर सेकंदाला 120 एमबीने अर्ध्या तासाच्या आत काम उरकते. ड्राइव्हसोबत आलेली केबल जपा.

हार्ड डिस्क टकटक करत सारखी डिस्कनेक्ट होत असेल, तर आधी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. बिनअडॅप्टरच्या हबमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही. तरीही टकटक थांबली नाही, तर ती लगेच काढून ठेवा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी-दुरुस्ती) चालवू नका, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते आणखी ताण टाकतं. दुसरी प्रत नसेल तर सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

एक्स्टर्नल एसएसडी मात्र कपाटात वर्षानुवर्षं पडू देऊ नका. वीज नसताना तिच्या सेलमधला चार्ज हळूहळू ओसरतो. दर काही महिन्यांनी लावून थोडा वेळ चालू ठेवा, आणि जुन्या फोटोंची एक प्रत हार्ड डिस्कवर असू द्या. ती डिस्क पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा.